जुन्या गाडीचा नवा पंखा

धर्मगुरूने मोटारीच्या पंख्यावर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. या पृष्ठांवर आमच्याकडून पवित्र शास्त्र, ख्रिस्तसभेचा इतिहास, सणवार, फार तर एखादे व्यक्तिचित्र एवढ्याचीच अपेक्षा असते. परंतु गेली काही वर्षे जी गोष्ट मी मनात वागवीत आहे, ती एका पंख्यापाशी सुरू होते आणि पंख्याचा विषय टाळून ती सांगता येत नाही. म्हणून हा प्रपंच.

गाडी माझी म्हणायची, पण खरी ती माझ्या थोरल्या भावाची. प्रीमियर पद्मिनी, १९७९ सालची. भाऊ कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फिटर होता. पहाटेची लोकल पकडायची, दादरला गाडी बदलायची, आणि रात्री घरी येताना डब्याच्या पिशवीबरोबर ग्रीसचा वास घेऊन यायचा, असा त्याचा कित्येक वर्षांचा क्रम. ज्या गाड्यांचे नटबोल्ट आपण आवळले, त्यांतली एक तरी आपल्या अंगणात उभी असावी, ही त्याची इच्छा १९९१ साली पुरी झाली. तीही जुनी गाडी विकत घेऊन. मी तेव्हा गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे पाठ घोकत होतो. सुट्टीत घरी आलो, तेव्हा त्याने मला शेजारी बसवून आगाशीपर्यंत फिरवून आणले. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होता.

इटलीच्या फियाट ११०० या गाडीचा हा भारतीय अवतार. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, आणि लोखंड असे की आजच्या गाड्यांचे पत्रे त्यापुढे कागद वाटावेत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असे दोन-तीन पिढ्यांचे समीकरण होते. त्या टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहावा तसे लेख लिहिले. माझ्या भावाचा मृत्युलेख कोणी लिहिला नाही. तो २०११ साली गेला. जाण्यापूर्वी आठवडाभर आधी त्याने मला जवळ बोलावले आणि म्हणाला, “गाडी तू ठेव. विकू नकोस, पण तिची पूजाही करीत बसू नकोस. चालव.”

मी चालवू लागलो. आम्हा धर्मप्रांतीय धर्मगुरूंना दारिद्र्याचे व्रत नसते, पण साधेपणाने राहण्याची जबाबदारी असतेच. जुनी गाडी या साधेपणाला शोभून दिसते, असे मला वाटे. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांना इटलीतील एका वयोवृद्ध धर्मगुरूने आपली १९८४ सालची, तीन लाख किलोमीटर धावलेली रेनॉ ४ ही गाडी भेट दिली आणि पोपमहोदयांनी ती आनंदाने स्वीकारली, ही बातमी वाचली, तेव्हा तर मला माझ्या पद्मिनीचा अभिमानच वाटू लागला. अभिमान म्हणतो तो जाणूनबुजून. साधेपणाचाही अभिमान होऊ शकतो, आणि तो ओळखायला फार कठीण असतो.

आता पंख्याकडे वळतो. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने चतुर्थांश ते तृतीयांश भागच गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर घालवावी लागते. हे पाणी पंपाने रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून उतरते आणि नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांवरून वाहणाऱ्या वाऱ्याला आपली उष्णता देऊन पुन्हा इंजिनाकडे जाते. गाडी धावत असेल तर वारा आपोआप मिळतो. ती उभी असेल, किंवा गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकत असेल, तर वारा ओढून घेण्यासाठी पंखा लागतो.

माझ्या गाडीतला पंखा पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर बसवलेला होता आणि इंजिनाच्या पट्ट्याने फिरत होता. या रचनेत एक मूळचीच उणीव आहे. इंजिन जोरात फिरते तेव्हा पंखाही जोरात फिरतो. पण तेव्हा गाडी धावत असल्यामुळे त्याची फारशी गरजच नसते, आणि तो इंजिनाची थोडी शक्ती मात्र फुकट खातो. उलट गर्दीत गाडी अडकली, की इंजिन मंद आणि पंखाही मंद. नेमकी निकड असते त्या वेळी मदत कमी. जुने टॅक्सीवाले सिग्नलला गिअर काढून उगाच ॲक्सिलरेटर दाबीत, त्याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसेल. ते पंख्याला आणि पंपाला वेग देत असत. ज्या काळात आणि ज्या रस्त्यांसाठी ही गाडी घडवली गेली, त्यांना ही रचना पुरेशी होती. मुंबई–अहमदाबाद महामार्गावरची आजची कोंडी तिच्या जन्मदात्यांनी कल्पिली नव्हती.

भावाने डॅशबोर्डखाली एक वेगळा तापमापक बसवून घेतला होता. “या काट्याकडे लक्ष ठेव,” असे तो मला म्हणे. २०१९ च्या एप्रिलपासून तो काटा नेहमीच्या जागेपेक्षा वर राहू लागला होता. मी ते पाहत होतो. उन्हाळा आहे, चालायचेच, असे मनाशी म्हणत होतो. पवित्र आठवड्याची धावपळ, मग प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा, मग लग्नसराई. गॅरेजला जायला वेळ नव्हता, असे मी सांगू शकेन. पण एक अख्खी दुपार मी क्रिकेटचा सामना पाहण्यात घालवली होती, हेही मला आठवते.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी वांद्र्याची एक बैठक आटोपून, धर्मशिक्षणाच्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन परतत होतो. घोडबंदरच्या पुढे, खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या अलीकडे वाहनांची रांग लागली होती. तेवढ्यात भ्रमणध्वनी वाजला. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध बाईंची प्रकृती एकाएकी ढासळली होती आणि त्यांनी रुग्णाभ्यंगासाठी मला बोलावले होते. सहा वर्षे प्रत्येक पहिल्या शुक्रवारी मी त्यांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देत होतो. मी म्हणालो, “तासाभरात पोचतो.”

त्या क्षणी दुसरा एक मार्ग माझ्यापुढे खुला होता. शेजारच्या धर्मग्रामातले फादर त्यांच्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते. त्यांना एक फोन करायचा होता, एवढेच. तो मी केला नाही. आजी माझ्या, त्यांचा शेवटचा संस्कारही मीच द्यायचा, असे काहीसे माझ्या मनात होते. त्याला मी तेव्हा प्रेम म्हटले.

वीस मिनिटांत काटा लाल खुणेच्या पार गेला. बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. मी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि उतरून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागच्या टेम्पोचा चालक ओरडत धावत आला आणि त्याने माझा हात धरला. या झाकणामुळे आतले पाणी दाबाखाली असते आणि त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब सुटतो आणि पाण्याची एकदम वाफ होऊन ती अंगावर येते. त्या अनोळखी माणसाने माझा चेहरा वाचवला. तो मला “बाबा, अर्धा तास काही करू नका,” म्हणाला आणि आपल्या टेम्पोत जाऊन बसला. तो अर्धा तास मी दुभाजकापाशी उभा राहिलो. मनात येऊनही फोन केला नाही, कारण आता आपण निघूच, असे वाटत होते. थंड झाल्यावर पाणी घातले, दोन किलोमीटर गेलो, काटा पुन्हा वर. असे तीनदा झाले. आजींच्या अंगणात मी पोचलो, तेव्हा फोन येऊन अडीच तास उलटले होते आणि ओटीवर शेजारणी बसलेल्या होत्या. त्यांच्या बसण्यावरूनच मला कळले.

मी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या. निघताना आजींच्या सुनेने मला पाण्याचा तांब्या दिला. माझा शर्ट घामाने आणि काळ्या डागांनी भरला होता. ती म्हणाली, “आई सारखं विचारत होत्या, फादर आले का. मग स्वतःच म्हणाल्या, येतील, त्यांची गाडी जुनी आहे.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

देवाची कृपा संस्कारांना बांधलेली नाही, हे मी सेमिनरीत शिकलो आहे आणि इतरांना शिकवले आहे. ज्या बाईने सत्तर वर्षे देवावर विसंबून काढली, तिला देवाने रिकाम्या हाताने नेले असेल, असे मला क्षणभरही वाटत नाही. पण त्या सत्याचा आधार मी माझ्या हयगयीवर पांघरूण म्हणून घ्यावा काय? पुढच्या आठवड्यात मी एका वृद्ध धर्मबंधूंकडे प्रायश्चित्त संस्कारासाठी गेलो. सर्व ऐकून घेऊन त्यांनी मला दोन गोष्टी करायला सांगितल्या. पहिली, त्या घरी पुन्हा जा आणि जे घडले ते सांग. दुसरी, गाडी दुरुस्त कर. दुसरी गोष्ट त्यांनी गंमतीने सांगितली असावी, असे मला प्रथम वाटले. तसे नव्हते.

गाडी विकावी, असेही पालकीय परिषदेत काहींनी सुचवले, आणि ते चूक नव्हते. मी त्यांच्याकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि महामार्गालगतच्या एका दुकानात गेलो. तेथल्या मुलाने मूळचा पंखा काढून विजेवर चालणारा नवा पंखा बसवला, एका बटणाला जोडला आणि दोन तासांत गाडी हातात दिली. पंखा जोरात फिरत होता, आवाजही भरघोस होता. मी समाधानाने निघालो. आश्चर्य असे की गाडी उभी असताना काटा थोडा उतरे आणि धावू लागली की चढे. पूर्वी जे होत होते त्याच्या बरोबर उलट! आठवडाभर मी हा चमत्कार पाहिला आणि मग भावाच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे गेलो.

हे मिस्त्री कुर्ल्याच्या कारखान्यातच निवृत्त झालेले. तेव्हा वय सत्तरीच्या आसपास. धर्मग्राम आमचाच, पण चर्चमध्ये ते नाताळला आणि ईस्टरलाच दिसत. त्यांनी बॉनेट उघडले, पंखा सुरू करायला लावला आणि एक सिगारेटचा कागद जाळीपुढे धरला. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो बाहेर उडाला.

“उलटा फिरतोय,” ते म्हणाले. “तारा उलट्या जोडल्यात. समोरून येणाऱ्या वाऱ्याला हा आतून ढकलून बाहेर काढतोय. दोघांचं भांडण चाललंय, फादर, आणि मधे तुमचं पाणी उकळतंय.”

मी म्हटले, “मग तारा बदलल्या की झाले ना?”

“नाही झाले.” त्यांनी हात पुसले. “तुमचा पंखा बिघडलाच नव्हता. चाळीस वर्षं त्यानं काम केलं. मग यंदाच का गाडी तापली, हे कोणी विचारलं का?” आणि मग, माझ्याकडे न पाहता, “काटा वर जाताना तुम्ही पाहिला होता ना?”

मी “हो” म्हणालो. पंधरा दिवसांत हा कबुलीजबाब मी दुसऱ्यांदा देत होतो.

रेडिएटर उतरवून तो रेडिएटरवाल्याकडे नेला. झाळ सोडवून वरची टाकी काढली, तेव्हा निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या-तांबूस क्षारांनी बुजलेली दिसली. आमच्याकडच्या विहिरींचे पाणी किती जड आहे, हे इथली प्रत्येक गृहिणी चहाच्या पातेल्यावरून सांगेल. मी आठ वर्षे तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतत होतो. चपट्या सळया घालून एकेक नळी साफ केली, टाकी पुन्हा झाळली. पुढे मिस्त्रींना आणखी एक गोष्ट सापडली. इंजिनातला थर्मोस्टॅटच कोणीतरी पूर्वी काढून टाकला होता. थर्मोस्टॅट नसला की गाडी थंड राहते, असा आपल्याकडे जुना समज आहे. वास्तविक इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत पाणी आतच राखून ठेवणे, हे त्याचे काम. इंजिन थंडही चालू नये. थंड इंजिन जास्त झिजते आणि जास्त पेट्रोल पिते. अतिउष्णतेच्या भीतीने आपण उष्णतेचा विवेकच काढून टाकतो. हे शेवटचे वाक्य माझे. मिस्त्री फक्त “अर्धवट लोक” म्हणाले.

“आता पंख्याचं बोलू,” ते म्हणाले. “वीजपंखा वाईट नाही. तुमच्या कामाला, या गर्दीला तोच हवा. पण नीट बसवू.”

तो पंखा नीट बसवणे म्हणजे काय, हे मी पुढचे तीन शनिवार पाहत होतो, आणि पाना पुढे करण्याइतका उपयोगीही पडलो. दुकानातला पंखा त्यांनी बाजूला ठेवला आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून मारुती ८०० चा पंखा आणला. १९८३ साली ती गाडी आली, तेव्हा तिचे इंजिन आडवे बसवलेले होते. आडव्या इंजिनाचा पट्टा समोरच्या रेडिएटरपुढे सरळ पंखा फिरवू शकत नाही, म्हणून तिच्यात विजेचा पंखा मुळातच होता. तो त्यांनी रेडिएटरच्या मागच्या बाजूला, वारा आत ओढेल असा लावला. भोवती पत्र्याचे कोंदण केले. कोंदण नसेल तर पंखा आपल्या वर्तुळापुरताच वारा ओढतो आणि चारही कोपरे कोरडे राहतात. पंखा कोणत्याही नळीवर टेकू नये म्हणून त्याला वेगळ्या पट्ट्यांचा आधार दिला.

मग विजेचा हिशोब. असा पंखा आठ-दहा अँपिअर वीज घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याहून कितीतरी अधिक. माझ्या गाडीवर मूळचा डायनॅमो होता, आणि डायनॅमो इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच वीज देत नाही. म्हणजे गर्दीत, रात्री, दिवे लावून पंखा चालवला असता, तर इंजिन वाचले असते आणि बॅटरी मेली असती. एक आजार काढून दुसरा घालण्यासारखेच ते. म्हणून डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला, जो मंद गतीतही पुरेशी वीज देतो. महामार्गावरच्या दुकानात याचा विचारही झाला नव्हता.

पंख्याने केव्हा फिरावे, हे ठरवण्यासाठी रेडिएटरच्या टाकीत उष्णतेवर चालणारा एक स्विच बसवला. पाणी ९२ अंशांच्या आसपास गेले की तो जोडला जातो आणि चार-पाच अंश उतरले की सुटतो. थर्मोस्टॅट उघडतो ८२ अंशांना. पंख्याचा आकडा त्याच्या वर हवा, नाहीतर पंखा कधी थांबणारच नाही. या इवल्या स्विचमधून पंख्याची सगळी वीज नेली तर तो जळून जाईल. म्हणून मध्ये एक रिले. स्विच रिलेला फक्त खूण करतो आणि रिले बॅटरीकडून येणारी, वीस अँपिअरचा फ्यूज घातलेली जाड वाट उघडतो. मला शुभवर्तमानातल्या शताधिपतीची आठवण झाली. तो स्वतः अधिकाराखाली होता आणि म्हणूनच त्याच्या एका शब्दावर शंभर माणसे हलत. मिस्त्रींना मी हे सांगितले. ते म्हणाले, “रिले पावसापासून जपा. तुमच्या शताधिपतीला गंज चढला, की तोही ऐकत नाही.”

शेवटी त्यांनी डॅशबोर्डखाली, भावाच्या तापमापकाशेजारी, एक साधे बटण बसवले. स्विच बिघडला तर पंखा हाताने सुरू करता यावा म्हणून. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी नाही. शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. दाबाचे झाकणही नवे. पैशांचे विचाराल, तर सामानाचे मी दिले. मजुरी त्यांनी घेतली नाही. “तुमच्या भावाकडून मी डब्यातलं सुकं बोंबील खाल्लंय, कित्येक वर्षं,” एवढेच म्हणाले.

संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी सहाव्या शतकात जो नियम लिहिला, त्यात मठाची सगळी अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे सांभाळावीत, असे कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्यास बजावले आहे. सेमिनरीत हा नियम वाचताना मला तो काव्यमय वाटला होता. मिस्त्रींच्या अंगणात तो मला अगदी व्यवहारी वाटू लागला. कालिसला डाग पडला तर मी त्याच दिवशी तो स्वच्छ करतो. ज्या गाडीतून मी पवित्र तेल घेऊन जातो, तिच्या नळ्यांत आठ वर्षे क्षार साचू दिले.

पण खरी दुरुस्ती गाडीची नव्हती, असे आता मला वाटते. पहिले प्रायश्चित्त अजून उरले होते. एका रविवारी संध्याकाळी मी आजींच्या घरी गेलो आणि त्यांच्या मुलाला व सुनेला सर्व सांगितले. काटा, क्रिकेटचा सामना आणि न केलेला फोन. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “फादर, फोनचं आम्हांला ठाऊक होतं. शेजारचे फादर अंत्यविधीला आले, तेव्हा म्हणाले की मी घरीच होतो.” म्हणजे ते सारे जाणून त्यांनी मला त्या दिवशी पाणी दिले होते आणि नंतरचे सगळे रविवार ते माझ्या मिस्सेला येत राहिले होते. मला वाटत होते, मी त्यांना काही सांगायला गेलो आहे.

त्यानंतर आम्ही आसपासच्या धर्मग्रामांतले धर्मगुरू एकत्र बसलो आणि आजाऱ्यांच्या हाकेसाठी एक यादी केली. ज्याला पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागेल, त्याने पुढच्या क्रमांकाला फोन करायचा; कोण कुणाच्या धर्मग्रामातले, हा प्रश्न विचारायचा नाही. ही यादी प्रत्येक चर्चच्या फलकावर लागली आहे. ती करायला एक तास पुरला. तो तास आम्हांला त्याआधी कधीच सापडला नव्हता.

२०२३ च्या मे महिन्यात मी पुन्हा त्याच रस्त्यावर, तशाच दुपारी अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक. काटा हळूहळू चढू लागला. माझा हात बटणाकडे गेला, पण मी थांबलो. तेवढ्यात बॉनेटखाली खट्ट झाले आणि पंख्याचा घुमणारा आवाज सुरू झाला. काटा थबकला, मग उतरला. पंखा थांबला. तीन-चार मिनिटांनी पुन्हा लागला. असे पाऊण तास चालले. याच वेळी फोन आला. एक गृहस्थ अत्यवस्थ होते. गाडी थंड होती, इंजिन सुरळीत होते, आणि मनात आले की आपण पोचू. मी यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाला फोन केला. ते पंधरा मिनिटांत तेथे पोचले. मी संध्याकाळी गेलो, तेव्हा ते गृहस्थ शुद्धीवर होते, आणि मला पाहून म्हणाले, “फादर, तुम्ही उशीर केलात, पण तेल वेळेवर मिळालं.” ते अजूनही आहेत.

गाडीची दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते, आणि एक दिवस ती होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तोवर दर शनिवारी सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडून पाणी पाहतो, पट्टा अंगठ्याने दाबून पाहतो, रिलेच्या टोकांवर गंज आहे का ते पाहतो. मिस्त्री कधीतरी येतात आणि मी केलेले तपासतात. हल्ली ते अधूनमधून रविवारच्या पहिल्या मिस्सेलाही शेवटच्या बाकावर दिसतात. याविषयी आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

भावाने “चालव” म्हटले, तेव्हा मला वाटले होते की त्याने मला परवानगी दिली. त्यात कामही होते, हे कळायला मला आठ वर्षे आणि एका आजींचा दिवस लागला.